मध्यमवय म्हणजे नेमके कोणते वय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्यमवय कितव्या वर्षी सुरू होते आणि कितव्या वर्षी संपते?

आजच्या मराठी लेखनात आणि बोलण्यात मध्यमवय म्हणजे चाळीस ते साठ, असा ढोबळ अर्थ धरला जातो आणि सामान्य व्यवहाराला तो पुरतो. इंग्रजी शब्दकोशांतही याच्या जवळपासचेच आकडे मिळतात. मात्र एक कोश ४० ते ६० म्हणतो, दुसरा ४५ ते ६० आणि तिसरा ४५ ते ६४. खालच्या हद्दीबद्दल मतभेद जास्त आहेत. वरची हद्द त्या मानाने पक्की वाटते, कारण साठाव्या वर्षापासून ‘ज्येष्ठ नागरिक’ हा दुसरा शब्द सुरू होतो. खरे पाहता या वयाला स्वतःची अशी हद्दच नाही. तारुण्य कुठे संपले आणि वार्धक्य कुठे लागले, हे ठरवून झाल्यावर मधे जे उरते त्याला मध्यमवय म्हणतात, त्यामुळे शेजारचा शब्द सरकला की हाही सरकतो. या शब्दाबद्दलच्या बहुतेक शंकांचे मूळ इथेच आहे.

भारतीय कायद्यात किंवा सरकारी नियमांत मध्यमवयाची व्याख्या आहे का?

सर्वसाधारण व्याख्या नाही. दोन्ही टोकांच्या वयांसाठी मात्र भरपूर व्याख्या आहेत. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी व कल्याणासाठी २००७ साली झालेला कायदा ६० वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला ज्येष्ठ नागरिक मानतो. प्राप्तिकरातही ६० हाच आकडा आहे आणि ८० नंतर अतिज्येष्ठ नागरिकांचा वेगळा गट आहे. एसटीच्या भाड्यातील ज्येष्ठांची निम्मी सवलत मात्र ६५ व्या वर्षी सुरू होते आणि २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना एसटीचा प्रवास मोफत आहे. रेल्वेने २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केली, तोपर्यंत ती पुरुषांना ६० व्या वर्षी आणि स्त्रियांना ५८ व्या वर्षी मिळत असे. म्हणजे ५९ वर्षांचे पतिपत्नी एकाच डब्यातून निघाले, तर रेल्वेच्या हिशेबी पत्नी ज्येष्ठ ठरे आणि पती ठरत नसे.

दुसऱ्या टोकालाही असाच प्रकार आहे. २००३ च्या राष्ट्रीय युवा धोरणात १३ ते ३५ वयाची व्यक्ती युवा होती, तर २०१४ च्या धोरणात हा गट १५ ते २९ असा आखडला. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गातील उमेदवार ३८ वर्षांपर्यंत आणि मागासवर्गीय उमेदवार ४३ वर्षांपर्यंत बसू शकतो. पुण्यातल्या अभ्यासिकांतून बसणाऱ्या सदतीस वर्षांच्या उमेदवाराला सगळे ‘विद्यार्थी’ किंवा ‘मुलगा’ म्हणतात आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. त्याच वयाचा, दोन मुलांचा बाप असलेला शेतकरी गावात कुणाच्याही तोंडी ‘मुलगा’ राहिलेला नसतो.

निवृत्तीचे वय हा मध्यमवयाचा शेवट मानावा का?

तसा प्रयत्न करून पाहण्यास हरकत नाही, पण तो टिकत नाही. महाराष्ट्र शासनाचा बहुतेक कर्मचारिवर्ग ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, केंद्र शासनाचा ६० व्या वर्षी. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या आणि सर्वोच्च न्यायालयाचे ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. केंद्राचे वयही कायम हेच नव्हते. ते पूर्वी ५५ होते, १९६२ मध्ये ५८ झाले आणि १९९८ मध्ये ६०. निवृत्तीला शेवट मानले, तर आपल्या आजोबांचे मध्यमवय आपल्यापेक्षा पाच वर्षे आधी संपले, असे म्हणावे लागेल. शिवाय देशातील बहुसंख्य कष्टकऱ्यांना निवृत्ती नावाची गोष्टच नसते.

‘चाळिशी गाठली’, ‘चाळिशीतला’, ‘चाळिशी उलटलेला’ या प्रयोगांत फरक काय?

मराठीत मध्यमवयाविषयी बोलताना मध्यमवय हा शब्द क्वचितच येतो. येतात त्या चाळिशी आणि पन्नाशी. ‘वयात येणे’ म्हणजे तारुण्यात पदार्पण करणे आणि ‘वय होणे’ म्हणजे म्हातारपण येणे, असे दोन्ही टोकांचे वाक्प्रचार भाषेत आहेत. या दोहोंमधल्या तीसेक वर्षांसाठी असा एकही वाक्प्रचार रुळला नाही. ती उणीव दशकांच्या नावांनी भरून काढली आहे आणि त्या नावांना जोडून येणाऱ्या क्रियापदांनी बरेच बारकावे साधले आहेत.

‘चाळिशी गाठली’ म्हणजे चाळिसावे वर्ष पूर्ण झाले. ‘चाळिशीतला’ म्हणजे ४० ते ४९ या दशकातला. ‘चाळिशीकडे झुकलेला’ किंवा ‘चाळिशीला टेकलेला’ माणूस अजून अडतीस-एकोणचाळीसचा असतो. ‘चाळिशी उलटलेला’ म्हटले की चाळीस होऊन गेली एवढेच कळते, पण पन्नाशी जवळ आलेली नाही हेही सुचवले जाते. ‘चाळिशीच्या आतबाहेरचा’ हा प्रयोग वय ठाऊक नसताना, निव्वळ चेहऱ्यावरून अंदाज करताना वापरतात. इंग्रजीतून भाषांतर करताना चाळिशीच्या उत्तरार्धातील व्यक्तीला ‘उशिराच्या चाळिशीतील’ असे लिहिलेले अलीकडे दिसते, ते मराठी नव्हे; त्यासाठी ‘पन्नाशीकडे झुकलेली’ किंवा ‘पन्नाशीच्या उंबरठ्यावरची’ असे सरळ शब्द उपलब्ध आहेत.

चाळिशीचा आणखी एक अर्थ म्हणजे जवळचे वाचण्याचा चष्मा. ‘माझी चाळिशी कुठे ठेवली?’ हे वाक्य साठीतील माणूसही म्हणतो. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग ताठर होत जाते आणि जवळच्या वस्तूवर नजर स्थिर करण्यासाठी त्याला जितके फुगावे लागते तितके फुगता येत नाही. हा बदल बहुतेकांना चाळिशीच्या सुमारास जाणवू लागतो, आणि वर्तमानपत्र हात लांब करून धरण्याची वेळ येते. वयाचे नाव उपकरणाला देण्याइतकी ही गोष्ट लोकांच्या अनुभवाची होती.

‘प्रौढ’ आणि ‘मध्यमवयीन’ हे समानार्थी शब्द आहेत का?

काही वाक्यांत आहेत, पुष्कळ वाक्यांत नाहीत, आणि गफलत सर्वांत जास्त इथेच होते. ‘प्रौढ मताधिकार’ या संज्ञेतील प्रौढ म्हणजे मतदानाचे वय पूर्ण केलेली व्यक्ती. हे वय आधी २१ होते आणि एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनंतर १९८९ पासून १८ झाले. १९७८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाचा वयोगट १५ ते ३५ होता, म्हणजे तिथे पंधरा वर्षांचा निरक्षर मुलगाही प्रौढ होता आणि छत्तीस वर्षांची स्त्री त्या गटाबाहेर पडत होती. त्याही मागे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्रात बालविवाहाविरुद्ध जी चर्चा झाली, तीत ‘प्रौढविवाह’ हा शब्द सतत येतो. त्या काळी मुलीचे वय आठ-दहा न ठेवता ते न्हाण आल्यानंतरचे असावे, एवढाच त्याचा आशय होता. जुन्या मजकुरातील ‘प्रौढ वधू’ चाळिशीची आहे असे समजून वाचणाऱ्याचा फार मोठा घोटाळा होईल, कारण ती बहुधा सोळा-सतरा वर्षांची असते.

याउलट ‘एक प्रौढ गृहस्थ पुढे आले’ या वाक्यातील प्रौढ निश्चितपणे मध्यमवयीन आहे. म्हणून कायदा, शिक्षण आणि वैद्यक यांविषयी लिहिताना ‘प्रौढ’ हा शब्द ‘सज्ञान, पूर्ण वाढ झालेला’ या अर्थासाठी राखून ठेवावा आणि वयाचा टप्पा सांगायचा असेल तिथे ‘मध्यमवयीन’ लिहावे, हे उत्तम.

‘पोक्त’, ‘उतारवय’ आणि ‘अधेड’ या शब्दांचे काय?

‘पोक्त’ हा फारसी ‘पुख्ता’ वरून आलेला शब्द पिकलेपणा, परिपक्वता दाखवतो. तो वयापेक्षा वृत्तीला जास्त लागतो. पंचवीस वर्षांच्या मुलीला पोक्त म्हणता येते आणि पन्नाशीतल्या एखाद्याला कधीच म्हणता येत नाही. ‘उतारवय’ साठीनंतरचे. ४५ वर्षांच्या व्यक्तीबद्दल तो शब्द वापरणे चूक आहे आणि आगाऊपणाचेही. ‘अधेड’ हिंदी आहे. हिंदी मालिका आणि हिंदी बातम्यांच्या भाषांतरांतून तो मराठीत डोकावतो, पण त्याची गरज नाही.

आयुर्वेदात मध्यमवय कोणते मानले आहे?

आजच्या समजुतीपेक्षा ते पुष्कळच लांबलचक आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वयाचे बाल, मध्य आणि जीर्ण असे तीन भाग केले आहेत. सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात, पुढे तिसाव्या वर्षापर्यंत ते वाढत असतात आणि या काळात मन बहुतांशी अस्थिर असते, असे चरक सांगतो. हा सगळा काळ बालवयात मोडतो. तीस ते साठ हे मध्यवय. या वयात बल, पराक्रम, ग्रहणशक्ती, स्मरण, वाणी आणि विज्ञान हे सारे समत्वाला आलेले असते आणि शरीरात पित्ताचे प्राधान्य असते. साठीनंतर जीर्ण अवस्था आणि वाताचे प्राधान्य. तिशीपर्यंत मन थाऱ्यावर नसते हा अभिप्राय आजच्या पालकांना बराच दिलासा देणारा ठरावा.

सुश्रुताची मांडणी निराळी आहे. त्याच्या सूत्रस्थानात सोळा ते सत्तर एवढा मोठा पट्टा मध्यवय म्हणून येतो आणि त्याचेच पोटभाग पडतात: विसाव्या वर्षापर्यंत वृद्धी, तिसाव्यापर्यंत यौवन, चाळिसाव्यापर्यंत सर्व धातू, इंद्रिये आणि बल यांची संपूर्णता, आणि त्यानंतर सत्तरीपर्यंत थोडी थोडी हानी. म्हणजे यौवन हा मध्यवयाचाच एक तुकडा आहे. वाग्भटानेही वरची हद्द सत्तरच धरली आहे. ‘आयुर्वेदानुसार मध्यमवय इतके’ असे एकच विधान करणाऱ्याने कोणत्या संहितेनुसार, हे सांगायलाच हवे. चाळिसावे वर्ष मात्र सुश्रुताच्या मांडणीतही वळणाचे आहे, फक्त तिथे ते मध्यवयाचा आरंभ नसून त्या वयातील उतरणीचा आरंभ आहे.

वानप्रस्थाश्रम म्हणजेच मध्यमवय का?

शंभर वर्षांच्या आयुष्याचे पंचवीस-पंचवीस वर्षांचे चार समान भाग करून दाखवणारे तक्ते सर्वत्र दिसतात आणि त्यांत वानप्रस्थ ५० ते ७५ असा येतो. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात मात्र आकडा दिलेला नाही. गृहस्थाला जेव्हा आपल्या अंगावर सुरकुत्या आणि पिकलेले केस दिसतील, तसेच अपत्याचे अपत्य दिसेल, तेव्हा त्याने अरण्याचा आश्रय करावा, असे तिथे म्हटले आहे. लग्ने लवकर होत असताना नातवंडाचे तोंड चाळिशीतच दिसू शके. मध्यमवयाशी खरे नाते गृहस्थाश्रमाचे आहे आणि भाषेने ते अजून जपले आहे. ‘शेजारच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते’ असे म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे आपोआप चाळीस ते साठ वयाचा माणूस येतो. चोवीस वर्षांच्या विवाहित तरुणाला कुणी ‘एक गृहस्थ’ म्हणत नाही आणि ऐंशीच्या वृद्धाला तर ‘आजोबा’ म्हणतात.

पूर्वी लोक तिशीतच म्हातारे होत असत, हे खरे आहे का?

नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते आणि आज ते ७० च्या घरात आहे, या आकड्यांवरून हा गैरसमज होतो. जन्मावेळचे सरासरी आयुर्मान काढताना तान्हेपणी दगावलेली मुलेही हिशेबात येतात. शंभरातली बरीच मुले पहिल्या पाच वर्षांत गेली की सरासरी एकदम खाली येते; जी जगली ती तिशीला वृद्ध होत नव्हती. त्या काळीही पन्नाशी-साठीची माणसे घरोघरी होती. बदल झाला तो वेगळा: तिशी पार केलेल्यांपैकी अधिक लोक आता सत्तरी पाहतात, त्यामुळे साठी हा शेवटचा थांबा राहिलेला नाही. पन्नाशीला वैष्णवी शांती आणि साठीला उग्ररथ शांती करण्याची प्रथा ज्या घरांत आहे, तिथे ‘साठीशांत’ पूर्वी दीर्घायुष्याचा उत्सव असे. आता सत्कारमूर्ती स्वतःच गाडी चालवत कार्यालयात येते.

जागतिक आरोग्य संघटनेने ६६ ते ७९ हे नवे मध्यमवय जाहीर केले आहे का?

१८ ते ६५ तरुण, ६६ ते ७९ मध्यमवयीन आणि त्यापुढे वृद्ध अशी यादी व्हॉट्सअॅपवर अनेक वर्षे फिरत आहे. अशी कोणतीही वर्गवारी या संघटनेने केलेली नाही. तिच्या कामकाजात वृद्ध म्हणजे सामान्यतः ६० वर्षे आणि त्यापुढील व्यक्ती, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत युवा म्हणजे १५ ते २४. ही यादी वाढदिवसाच्या शुभेच्छांसोबत पाठवणे निराळे, लेखात आधार म्हणून देणे निराळे.

वैद्यकीय दृष्टीने हे वय कसे ओळखायचे?

एका खुणेने ओळखता येत नाही. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्ती ही ठळक खूण आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांमध्ये ती सरासरी ४६-४७ च्या आसपास, तर पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमारास येते. पुरुषांमध्ये इतकी स्पष्ट रेषा नाही. स्नायूंचे प्रमाण तिशीनंतरच हळूहळू घटू लागते, नजरेतील बदल चाळिशीत कळतो आणि रक्तदाब किंवा मधुमेह कधी उद्भवेल याचा नेम नसतो. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने रक्तदाब, मधुमेह आणि काही कर्करोग यांच्या तपासणीसाठी ३० वर्षे आणि त्यापुढील सर्वांना धरले आहे. म्हणजे तपासणीपुरते पाहिले तर ती चरकाच्याच आकड्यापासून सुरुवात करते. खेळातील वर्गवारीही याच सुमारास सुरू होते. मैदानी स्पर्धांमध्ये ज्येष्ठ खेळाडूंचा गट ३५ पासून आहे, बुद्धिबळात मात्र पन्नाशीपर्यंत थांबावे लागते.

‘मिडलाइफ क्रायसिस’ प्रत्येकाला येतो का?

ही संज्ञा एलियट जॅक्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मधील एका निबंधात रूढ केली. कलावंतांची चरित्रे पाहताना त्याला पस्तिशीच्या सुमारास मृत्यूच्या जाणिवेने होणारी उलथापालथ दिसली. आज या संज्ञेशी चाळिशी-पन्नाशी जोडली जाते ती नंतरची. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत सुरू झालेल्या मोठ्या पाहणीत असा पेच अनुभवल्याचे सांगणारे अल्पसंख्य निघाले, आणि त्यांच्यापैकीही अनेकांनी कारण म्हणून वयाऐवजी नोकरी, घटस्फोट किंवा आजार अशा घटनांकडे बोट दाखवले. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसनच्या आयुष्याच्या आठ टप्प्यांच्या मांडणीत हे वय सातवे आहे आणि त्याचा प्रश्न वेगळाच आहे: माणूस पुढच्या पिढीसाठी काही जोपासतो, की स्वतःपाशीच साचून राहतो. महाराष्ट्रातील सामान्य कुटुंबात, जिथे एकाच वर्षी मुलाची बारावी आणि वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन येते, तिथे ही दुसरी मांडणी अधिक लागू पडते असे वाटते.

‘मध्ययुग’ आणि ‘मध्यमवय’ यांची गल्लत का होते?

ती मूळ मराठीत होत नाही, भाषांतरात होते. इंग्रजीत दोन्ही संज्ञा केवळ एकवचन-अनेकवचनाच्या फरकाने वेगळ्या राहतात, त्यामुळे यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘मध्यम वयातील किल्ले’ असे चमत्कारिक प्रयोग उमटतात. युरोपच्या इतिहासात मध्ययुग म्हणजे साधारण पाचव्या ते पंधराव्या शतकाचा काळ. पश्चिम रोमन साम्राज्याचा इ. स. ४७६ मधील अस्त आणि १४५३ मधील कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव ही त्याची नेहमी दिली जाणारी दोन टोके. भारतीय इतिहासात मध्ययुग अठराव्या शतकापर्यंत ओढले जाते, त्यामुळे देवगिरीचे यादव आणि मराठेशाही दोन्ही त्यात येतात. इथेही तीच तऱ्हा आहे: प्राचीन आणि आधुनिक ठरवल्यावर मधे उरलेला काळ.

एखाद्याला ‘मध्यमवयीन’ म्हणणे अपमानकारक आहे का?

शब्दात अपमान नाही, प्रसंगात असू शकतो. पोलिसांच्या निवेदनातील ‘अंदाजे ४५ ते ५० वर्षे वयाचा मध्यमवयीन पुरुष’ ओळख पटवण्यासाठी आहे आणि तिथे तो योग्य आहे. ज्या बातमीत वयाचा काही संबंध नाही तिथे तो नको. बातमीदारांनी स्त्रियांबाबत हा शब्द विशेष सढळपणे वापरलेला दिसतो. त्याच वयाच्या पुरुषाला मात्र ‘भारदस्त’ असे विशेषण मिळते. वय ठाऊक असेल तर सरळ आकडा द्यावा. समोरासमोर तर हा शब्द कुणी वापरतच नाही. तिथे ‘दादा’ जाऊन ‘काका’ आणि ‘ताई’ जाऊन ‘काकू’ किंवा ‘मावशी’ आले की ज्याचे त्याला कळते, आणि रिक्षावाल्याने काका म्हटल्यावर मागे वळून दुसरे कुणी आहे का हे पाहणाऱ्यांची संख्या कमी नाही.

हे शब्द लिहिताना कोणत्या चुका टाळाव्यात?

‘मध्यमवयीन’ हा एकच शब्द आहे, तो तोडू नये. ‘मध्यमवय’ जोडून लिहावे. ‘मध्यम वयाची’ असे विशेषण स्वतंत्र वापरायचे असेल तर तोडून चालते. ‘चाळीस’, ‘वीस’, ‘तीस’ यांत दीर्घ ईकार आहे, पण पुढे दीर्घ अक्षर आल्यामुळे ‘चाळिशी’, ‘विशी’, ‘तिशी’ यांत तो ऱ्हस्व होतो. घाईत टंकताना ‘मध्यमवयीन’ चे ‘मध्यमवर्गीय’ होते आणि वाक्य दोन्ही शब्दांनी अर्थपूर्ण राहत असल्याने ही चूक मुद्रितशोधकाच्या नजरेतूनही सहज निसटते.